एस-चौदा नंबरची डिश

४ ऑगस्ट २०२५, सोमवार. फ्रँकफर्ट

पोचले! दोन बॅगा, एक कुकर आणि मी, सगळे शाबूत. खोली पाचव्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, पण खिडकीतून ट्रामचा थांबा दिसतो आणि थांब्यासमोरच बेकरी आहे. घरमालकीणबाईंनी कचऱ्याच्या चार डब्यांवर वीस मिनिटं भाषण दिलं. मी प्रत्येक वाक्याला गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, म्हणत राहिले. त्यांना फार बरं वाटलं.

संध्याकाळी झिंडेलफिंगेनहून हृषिकेशदादाचा फोन. तो तिथं मोटारींच्या कारखान्यात अकरा वर्षं आहे, त्यामुळे जर्मनीबद्दल सगळं त्याला विचारूनच व्हावं असं त्याला वाटतं. चौतिसाव्या वर्षी कुणी नव्यानं डॉक्टरेट करायला बसतं का, हा त्याचा मुद्दा. बार्शीच्या कॉलेजात जागा निघाली आहे, अजून वेळ गेलेली नाही, हेही ऐकवून झालं. पुण्यात चार वर्षं घालवल्यावर गाईडनी माझा विषय उचलून दुसऱ्याला दिला, तेव्हाही तो हेच म्हणाला होता. आमच्या घरात सुंभ जळतो पण पीळ जात नाही ही म्हण माझ्यासाठीच राखून ठेवलेली आहे. असू दे.

पहिले सहा महिने प्रोबेत्साइट, म्हणजे कारण न सांगता मला घरी पाठवता येतं. जानेवारी संपेपर्यंत डिशमध्ये ग्रंथी उगवून दाखवायची आणि इथं राहायचं. बाकी काही नको.

७ ऑगस्ट, गुरुवार

प्रयोगशाळा झकास आहे. माझं काम तैलग्रंथींवर, म्हणजे नाकावरचं तेल ज्या पिटुकल्या पिशव्यांतून येतं त्यांच्यावर. पिशवीच्या बाहेरच्या कडेला मूळपेशी बसलेल्या असतात. त्यांच्या अंगावर चिकटप्रथिनं असतात, हातच समजा, आणि त्या हातांनी त्यांनी खालचा पातळ पडदा घट्ट धरलेला असतो. धरून आहे तोवर पेशी तरुण राहते. हात सुटला की मागची गर्दी तिला आत ढकलते, ती तेलानं फुगते, फुटते आणि तिचंच तेल होऊन बाहेर येतं. एसटीत दांडी सुटली की माणूस कसा आपोआप शेवटच्या सीटपर्यंत जातो, तसं. आईला हे फोनवर सांगितलं तर तिनं विचारलं, म्हणजे तोंड धुताना आपण मेलेल्या पेशी धुतो की काय. अगदी तेच.

भाजलेल्या माणसाला नवी कातडी येते, पण तिच्यात ग्रंथी येत नाहीत. ती कोरडी पडते आणि जन्मभर तडकत राहते. मूळपेशींना चिकटप्रथिनं वाढवून दिली, जास्तीचे हात दिले, तर त्या सुटणार नाहीत आणि डिशमध्ये नवी ग्रंथी धरेल, असा माझा दावा आहे. प्रोफेसर लिंडनरबाईंना तो पटला, म्हणून मी इथं आहे.

फ्राऊ होल्त्सर इथल्या तंत्रज्ञ. सव्वीस वर्षं याच खोलीत पेशी सांभाळताहेत. त्यांनी नियमांच्या अकरा कागदांवर माझ्या सह्या घेतल्या, आणि एका नियमावर बोट ठेवून तो मोठ्यानं वाचून दाखवला. स्वतःच्या पेशी इथं वाढवायच्या नाहीत. परक्याची पेशी सुईतून अंगात गेली तर शरीर तिला मारून टाकतं. "पण तुमची स्वतःची गेली," त्या म्हणाल्या, "तर तुमचं शरीर तिला अडवणार नाही. ओळखीचीच ना ती." मी सही केली. बाई खाष्ट आहेत पण मला आवडल्या.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

तिसरा नमुनाही गेला. शस्त्रक्रियेत काढलेली उरलेली कातडी दात्याच्या संमतीनं आम्हाला मिळते. पहिल्या नमुन्यात बुरशी, दुसऱ्यात पेशी जिवंतच नाहीत, तिसरा उन्हात गाडीत राहिला. पुढच्या नमुन्यासाठी नीतिसमितीची परवानगी हवी, आणि समिती सुट्टीवर आहे. अख्खी समिती! लिंडनरबाई म्हणाल्या की ऑक्टोबरपर्यंत वाचन करा. मी इथं वाचायला आलेली नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार

केलं. दुपारी सगळे मेन्झात जेवायला गेल्यावर केलं. डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला बधिर करायचं मलम लावलं, चार मिलिमीटरचा पंच दाबला, फिरवला, आणि कातडीचा एवढासा गोल तुकडा चिमट्यात आला. वर पट्टी लावली. अठ्ठावीस मिनिटांत सगळं आवरलं.

प्रयोगशाळेच्या रजिस्टरमध्ये आधीचे तेरा दाते होते, म्हणून लेबलवर लिहिलं एस-१४. रजिस्टरमध्ये लिहिलं, स्त्री, वय ३४, निरोगी. त्यात एक अक्षर खोटं नाही. नियम त्यांचा असेल, कातडी माझी आहे.

१६ सप्टेंबर, मंगळवार

काय सुंदर वाढताहेत! जास्तीच्या चिकटप्रथिनांचं जनुक त्यांच्यात घातलं. पाच डिश निकामी झाल्या, पण सहावीनं धरलं. सूक्ष्मदर्शकाखाली फरशीसारख्या एकमेकींना बिलगून बसल्यात. लिंडनरबाई स्वतः बघायला आल्या आणि हा दाता कोण ते विचारलं. हट्टी बाई असणार, मी म्हणाले. त्या हसल्या.

२४ सप्टेंबर, बुधवार

पेशी जेलमध्ये घालून सिरिंजनं डिशमध्ये सोडत होते. हातमोज्याच्या आरपार सुई गेली, डाव्या अंगठ्याच्या बुडाशी. दाबून रक्त काढलं, दहा मिनिटं साबणानं धुतलं. नियमानं अपघाताचा फॉर्म भरायला हवा, पण मग दात्याचं रक्त तपासायला मागतील. दाता कुठून आणू? नाही भरला.

फ्राऊ होल्त्सरचं ते वाक्य आठवलं. आठवलं तर आठवलं, पेशी माझ्याच आहेत, माझं काय वाकडं करतील.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

आज राष्ट्रीय सुट्टी. पेशींना सुट्टी नसते, म्हणून जाऊन त्यांचं खाद्य बदलून आले. आम्ही त्याला मीडियम म्हणतो, गुलाबी पाणी असतं. डिशमध्ये ग्रंथी धरली आहे! साबुदाण्याएवढी आहे, मधोमध तेलाचा थेंब आणि भोवती मूळपेशींचं कडं. माझ्या माहितीत हे कुणालाच जमलेलं नाही. बेकरीतून मोठा केक आणून एकटीनं खाल्ला.

अंगठ्याच्या बुडाशी, सुई गेली तिथं, चार मिलिमीटरचा गुळगुळीत डाग आलाय. दुखत नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

डाग नऊ मिलिमीटर, अगदी गोल. मोजपट्टी लावून मोजते रोज. त्याच्यावर रेषा नाहीत, लव नाही, कायम तेलकट असतो. साबणानं धुतलं की मिनिटभरात पुन्हा तेल. बँडेड लावलं तर चिकटत नाही. डॉक्टरकडे गेले तर विचारतील काय टोचलं, म्हणून नाही गेले. रोज वहीत आकडा लिहिते. आकडा समोर असला की मला भीती वाटत नाही.

२० ऑक्टोबर, सोमवार. झिंडेलफिंगेन

दिवाळीला दादाकडे आले. एक दिवस रजा घेतली, आज डिशचं मीडियम फ्राऊ होल्त्सर बदलणार आहेत.

पहाटे उठवण्यावरून ओवीनं, म्हणजे माझ्या भाचीनं, जर्मनमधून कडाडून निषेध केला. आपण तिच्याशी मराठीत बोलायचं, ती जर्मनमध्ये उत्तर देणार, हे आता ठरलेलंच आहे. सगळ्यांच्या आंघोळी होता होता दहा वाजले, माझा नंबर शेवटचा. शमिकाताई, बसा पाटावर, म्हणत वहिनींनी माझ्या हाताला तेल लावायला घेतलं. डावा तळवा आला आणि त्यांचा हात घसरला. पुन्हा लावलं, पुन्हा घसरला. तेल जिरतच नाही म्हणाल्या. एव्हाना डाग अर्ध्या तळव्यावर गेलाय. ओवीनं बोट लावून पाहिलं, आणि जर्मनमध्ये म्हणाली की आत्याचा हात नवीन आहे.

तेवढ्यात तळव्यावरून गार पाणी वाहून गेलं. खरोखर वाहून गेलं. मी हात झटकला. तिथं काहीच नव्हतं, कोमट तेल सोडून. मग पुन्हा गार, या वेळी साचून राहिलेलं, हळूहळू कोमट होत गेलं. घड्याळात दहा वाजून दहा मिनिटं झाली होती.

फराळाला बसल्यावर फ्राऊ होल्त्सरना मेसेज करून सहज विचारलं. त्यांचं उत्तर व्यवस्थित आलं. मीडियम १०.१० ला बदललं, गरम करायचं विसरले, फ्रीजमधलं थंडच घातलं, क्षमस्व.

२३ ऑक्टोबर, गुरुवार

घाबरून रडत बसण्यापेक्षा मोजलेलं बरं. फ्राऊ होल्त्सरना तीन दिवस, त्यांना वाटेल त्या वेळी, डिशला खाद्य द्यायला सांगितलं आणि वेळ कागदावर लिहून ठेवायला सांगितली. मी तोवर मेन्झात घड्याळ घेऊन बसले. मंगळवारी ११.४२, काल ९.१५, आज २.०३. माझ्या वहीतल्या आणि त्यांच्या कागदावरच्या वेळा मिनिटाला मिनिट जुळल्या.

म्हणजे डिशमध्ये जे होतं ते माझ्या अंगातल्या एस-१४ ला कळतं. का, ते माहीत नाही. पण होतं आणि मोजता येतं.

२७ ऑक्टोबर, सोमवार

एक गोष्ट तपासायलाच हवी होती. पेशींनी डिश भरली की त्या सोडवून नव्या डिशमध्ये विभागतात. सोडवायला ट्रिप्सिन घालतात. ते चिकटप्रथिनं कापतं, म्हणजे पेशींचे हातच कापतं, आणि त्या तळ सोडून तरंगू लागतात. इतर दात्यांच्या पेशींवर आठवड्यातून दोनदा हे मी डोळे मिटून करते.

आज डिशच्या कडेला ट्रिप्सिनचा एकच थेंब सोडला. डाव्या मनगटावर डागाची कड सुरकुतली. मग उचलली गेली, दुधावरची साय चमच्यानं सरकते तशी. खाली ओलं, लाल. मी ओरडले नाही. ट्रिप्सिन थांबवणारं द्रावण घातलं, तीन वेळा धुतलं. कड परत बसली. मला खूप भीती वाटते आहे. लिहूनच ठेवते, खूप.

३ नोव्हेंबर, सोमवार

सांगून टाकायचं ठरवून लिंडनरबाईंच्या दारापर्यंत गेले. आधी सह्या केलेले कागद काढून वाचले. स्वतःच्या पेशी आढळल्यास त्याच दिवशी नष्ट कराव्यात. ऑटोक्लेव्हच्या वाफेत, १२१ अंश, वीस मिनिटं.

मागे फिरले. सांगितलं तर डिश उकळतील, आणि डिशबरोबर मी. माझ्यावर कोण विश्वास ठेवणार? मीच ठेवला नसता.

आपलेच दात, आपलेच ओठ. ठीक आहे. आता ही डिश मी एकटी सांभाळणार. दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

डाग खांद्यापर्यंत. उजव्या पायाचा तळवाही.

आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत, राहण्याच्या परवान्याच्या कार्डासाठी बोटांचे ठसे द्यायचे होते. डाव्या हाताचा एकही उमटला नाही. तिथल्या बाईंनी काच पुसली, माझी बोटं पुसली, शेवटी शेरा मारला की ठसे घेता आले नाहीत. उजवा हात माझाच निघाला.

डिश काठोकाठ भरली आहे. लिंडनरबाई खूश. एस-१४ च्या वीस डिश करा म्हणतात, बाकी नायट्रोजनमध्ये गोठवू, इतर संस्थांना पाठवू. मी म्हटलं, अजून नाही. का, तर मला वाटतं म्हणून. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि प्रोबेत्साइटची आठवण करून दिली. काढा म्हटलं मनात. नोकरी गेली तरी बेहत्तर, डिश घेऊन जाईन.

पण जाणार कुठं? तिला ३७ अंश लागतात, इनक्युबेटरमधली हवा लागते. विचार करते आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार

छाती, पाठ. कपडे अंगावर ठरत नाहीत, घसरतात. गुलाबी पाणी सतत अंगावर. आता चोवीस तास ३७ अंशांत बसल्यासारखं वाटतं, बाहेर चार अंश असले तरी.

दादा आला होता. वहिनींनी त्याला माझ्या हाताबद्दल सांगितलं असणार. म्हणाला, "हट्ट पुरे झाला, शमे. सोड हे सगळं."

मी म्हटलं, नाही सोडणार. त्याला वाटलं नोकरीबद्दल बोलते आहे. जाताना त्याचे डोळे भरून आले होते. मला त्याला मिठी मारायची होती, पण मारली नाही. मिठी मारून काय निसटलं असतं कुणास ठाऊक.

११ नोव्हेंबर, मंगळवार

प्रयोगशाळेत चक्कर आली. फ्राऊ होल्त्सरनी धरलं, त्यांच्या हातातून सुळकन निसटले, खाली पडले. त्या स्वतः डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. ताप ३९. अंगावरचे कपडे मी काढू दिले नाहीत. शुक्रवारपर्यंत आजारपणाची रजा.

आजारी माणसानं कामावर यायचं नाही, यात इथं कुणी ऐकत नाही. त्याचं काम दुसऱ्यानं करायचं, त्यानंच लिहिलेल्या कृतीवरून, हा इथला रिवाज. मी हात जोडून फ्राऊ होल्त्सरना सांगितलं, एस-१४ ला फक्त खाद्य द्या. बाकी काही नको. जा, जा, म्हणाल्या. झोपा आता.

१२ नोव्हेंबर, बुधवार

सकाळी गेले होते. फ्राऊ होल्त्सरनी दारातूनच परत पाठवलं. खरंच रागावल्या. रजेवर असताना आत घेतलं तर त्यांची नोकरी जाईल म्हणे.

ठरलं. शनिवारी तिथं कुणी नसतं. थर्मासमध्ये गरम पाणी, त्यात बंद डबी, डबीत डिश. पोटाशी धरून आणेन. घरी कसं जगवायचं ते शोधते आहे. जगवेन. पुण्यात माझा विषय दिला दुसऱ्याला, मी दिला नव्हता. हेही देणार नाही.

तीन दिवस.

१३ नोव्हेंबर, गुरुवार, सकाळ ९.१०

मेसेज आत्ता वाचला. ८.५५ चा आहे. "प्रिय शमिका, काळजी नको. पेशी फार दाटल्या आहेत, अशानं मरतील. प्रोफेसरबाईंनीही सांगितलं. मी आज त्या वीस डिशमध्ये विभागते, अगदी तुमच्या कृतीप्रमाणे. बरं वाटू द्या."

फोन लावला. उचलत नाहीत. पेशींच्या खोलीत फोन नेत नाहीत, लॉकरमध्ये ठेवतात. पुन्हा लावला. ऑफिसचा नंबर — कुणी नाही. निरोप ठेवला, थांबा, हात लावू नका, त्या माझ्या — माझ्याच पेशी आहेत. सांगितलं एकदाचं. आधीच सांगायला हवं होतं. उकळल्या असत्या तरी.

९.१६

दारापर्यंत गेले. पाय फरशीवर ठरत नाहीत. पाच मजले. ट्राम. वीस मिनिटं. नाही पोचणार. सरपटत परत टेबलाशी —

९.१९

मीडियम काढलं. अंग एकदम गार, कोरडं.

धुतलं. एकदा.

दोनदा. माझ्या कृतीत दोनदाच आहे. किती नीट लिहिलंय मी.

९.२२

ट्रिप्सिन. गरम करून घेतलंय या वेळी. बाई चुकत नाहीत.

पाच मिनिटं.

मनगट सुटलं. बाही गच्च बांधली. उजवा हात माझा आहे, उजव्यानं लिहिते. टेबलाची कड धरली डाव्यानं, धरवत नाही, तरी — धरलीय.

९.२५

खांदा. पाठ. आतून ढकलतंय. सगळीकडून तेल, वहीवर —

वीस डिश. वीस ठिकाणी मी. नाही. एकाच ठिकाणी. इथं. या खुर्चीत.

९.२७

पाच झाली. धरून आहे! धरून —

कृतीतली पुढची ओळ. पेशी हट्टी असतील तर डिशवर तळव्यानं तीन वेळा जोरात ठोकावं. मीच लिहिलं. मीच

एक.

खुर्ची हलली नाही. मी हलले. पण आहे. अजून आहे.

दोन.

फ्राऊ होल्त्सर, ऐका, एक हात उरलाय, तो माझा आहे, त्यानं धरलंय, ठोका हवं तेवढं, मी नाही सुट